हात मोकळे की बोट हलकी?

कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, निमुळती बोट. आर्क्टिकच्या इन्युइट लोकांनी ती शिकारीसाठी बनवली. आज अमेरिकेत कयाकमधून मासेमारी हा मोठा छंद आहे आणि नवशिक्याला पहिला प्रश्न पडतो, हाताची घ्यावी की पायाची? कॉन्व्हेंटमध्ये आम्ही 'पॅडल' म्हणायचो, पण पॅडल आणि पेडलचा घोळ नको म्हणून मी आजीचा शब्द वापरते : वल्हं.

पेडलचे मुख्य प्रकार दोन. 1997 मध्ये होबी कंपनीने 'मिराजड्राइव्ह' आणला. त्यात पाय आलटून-पालटून ढकलले की बोटीखालचे दोन पंख पेंग्विनसारखे हलतात. दुसऱ्यात सायकलसारखे पेडल आणि खाली प्रोपेलर.

सगळ्यांना वाटतं, पेडल म्हणजे स्पीड. जरा गणित करू. पाण्याचा अवरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे लागणारी पॉवर वेगाच्या घनाने. पायांनी हातांच्या दुप्पट पॉवर दिली असं धरलं, तरी वेग वाढणार फक्त 1.26 पट! शिवाय पाण्यातली लांबी 12 फूट असेल, तर साधारण 4.6 नॉट्सनंतर बोट स्वतःच्याच लाटेत अडकते. पुढे नुसता दम जातो.

मग जास्तीचे पैसे कशाचे? मोकळ्या हातांचे. सॅन दिएगोजवळ ला होयाला यलोटेल मासा गळाला लागला की तो थेट केल्पच्या, म्हणजे उंच समुद्री शेवाळाच्या, जंगलात घुसू बघतो. दोरी तिथे अडकली की मासा गेलाच. वल्हंवाल्याचे दोन्ही हात रॉडमध्ये गुंतलेले, बोट वाऱ्यावर. पेडलवाला मात्र रॉड न सोडता बोट बाजूला काढतो.

आता टेक्सासचं लगुना माद्रे बघा. सरासरी खोली जेमतेम 1 मीटर, तळाला गवत. प्रोपेलरला ते गुंडाळतं. मिराजचे पंख तळाला चिकटवून ठेवता येतात, पण मग बोट ढकलणार कोण? इथे वल्हंच राजा. वल्ह्याची बोट हलकी, स्वस्त, आणि बिघडायला त्यात काही नाहीच.

म्हणून आधी पाण्याची खोली विचारा, मग बोट गाडीच्या टपावर कोण चढवणार ते, आणि शेवटी खिसा. पेडलची घेतलीत तरी एक वल्हं सोबत हवंच. आणि लाइफ जॅकेट दोन्हीत अंगावर, बोटीत पडलेलं नव्हे!