तारांवर बर्फ नाही, पण मीठ आहे!

१९९८ च्या जानेवारीत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात काही दिवस विचित्र पाऊस पडला. वर उबदार हवेचा थर होता आणि खाली सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात शून्याखालील थंड हवा कोंडली होती. पावसाचे थेंब विजेच्या तारेला टेकताच गोठत होते. ३ सेंमी. व्यासाच्या तारेभोवती २ सेंमी. जाडीचा बर्फ बसला, तर दर मीटरला सुमारे २.८ किलोग्रॅम भार वाढतो. (बर्फाची घनता दर घन सेंमी.ला ०.९ ग्रॅम धरून गणित करून पाहा.) दोन मनोऱ्यांत ३०० मीटर अंतर असेल, तर एका तारेवर जवळजवळ ८५० किलोग्रॅम! तेथे शेकडो पोलादी मनोरे कोसळले आणि लक्षावधी लोक ऐन थंडीत अंधारात राहिले.

मुंबईच्या उपनगरांत हे संकट नाही. सांताक्रूझ येथे नोंदलेले नीचांकी तापमान ७.४° से. आहे (२२ जानेवारी १९६२). मात्र येथेही वाहिन्यांवर एक थर साचतो. तो मिठाचा आणि धुळीचा.

थर कोठे साचतो?

हा थर तारेला फारसा बाधत नाही. तो बाधतो तार टांगून धरणाऱ्या विद्युतरोधकांना, म्हणजे मनोऱ्यांवरील चिनी मातीच्या तबकड्यांच्या माळांना आणि खांबांवरील लहान रोधकांना. या लहान रोधकांना लाइनमन ‘चिमण्या’ म्हणतात.

समुद्राच्या लाटा फुटल्या की बारीक तुषार उडतात. त्यांतील पाणी वाफ होऊन जाते आणि मिठाचे कण वाऱ्याबरोबर जमिनीकडे येतात. जड कण किनाऱ्याजवळच पडतात. म्हणून वर्सोवा, अंधेरी पश्चिम या भागांत समुद्राचे मीठ अधिक, तर आत जावे तसे ते झपाट्याने कमी. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्याच्या पूर्वेला मात्र ठाण्याची खाडी आणि मिठागरांच्या जमिनी आहेत. त्यात रस्त्यांची व बांधकामांची धूळ मिसळते. मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. हिवाळ्यात रात्री उतारावरील हवा थंड व जड होऊन खाली घसरते. त्यामुळे बोरिवली आणि मुलुंडच्या डोंगरपायथ्याशी दव पडण्यास अनुकूल स्थिती असते.

मुसळधार पाऊस बरा, रिमझिम वाईट

ऑक्टोबरनंतर मे अखेरपर्यंत पाऊस जवळजवळ नसतो आणि थर वाढत राहतो. कोरडे मीठ वीज वाहून नेत नाही, कारण त्यातील आयन स्फटिकात जखडलेले असतात. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की शुद्ध मीठ पाणी शोषून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, त्यामुळे ते त्याआधीच ओलसर होते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत हेच घडते! निरभ्र रात्री तबकडी उष्णता उत्सर्जित करून थंड होते, तिच्यावर दव पडते आणि खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. मुसळधार पाऊस मीठ धुऊन नेतो. दव किंवा जूनची पहिली रिमझिम ते नुसते भिजवते. म्हणून धोका त्या वेळी अधिक.

ठिणगी कशी पडते?

ओल्या पापुद्र्यातून लहानसा गळती-प्रवाह वाहू लागतो. तबकडीच्या मध्याजवळ घेर सर्वांत लहान, म्हणून तेथे प्रवाह दाटतो, उष्णता अधिक निर्माण होते आणि तेवढा भाग सुकून कोरडे कडे तयार होते. या कड्याचा रोध फार मोठा असल्याने जवळजवळ सर्व विद्युतदाब त्याच्यावरच पडतो आणि ठिणगी उडते. ती ओल्या भागावरून लांबत गेली, तर तार आणि मनोरा जोडले जातात. मग सर्किट ब्रेकर वाहिनी बंद करतो.

उपाय

पृष्ठभागावरून विजेला जावा लागणारा मार्ग लांब करणे हा मुख्य उपाय. तबकड्यांच्या खालच्या वळ्या त्यासाठीच असतात. १९८६ च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार कमी प्रदूषणाच्या जागी दर किलोव्होल्टला १६ मिमी. आणि अतितीव्र प्रदूषणाच्या जागी ३१ मिमी. मार्ग हवा. २२० किलोव्होल्ट वाहिनीचा कमाल दाब २४५ किलोव्होल्ट धरतात. म्हणजे एका ठिकाणी सुमारे ३.९ मीटर मार्ग पुरतो, दुसऱ्या ठिकाणी ७.६ मीटर लागतो. वीज तीच, जागा बदलली की रोधक जवळजवळ दुप्पट! शिवाय रोधक धुतात, किंवा सिलिकॉन रबराचे बसवतात. त्यावर पाण्याचे सुटे थेंब राहतात, सलग पापुद्रा होत नाही.

करून पाहा

काचेच्या तुकड्यावर ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन पट्ट्या १ सेंमी. अंतरावर चिकटवा. टॉर्चचे तीन सेल आणि एक एलईडी यांच्याशी त्या एकसरीत जोडा. मधल्या जागेत कोरडे मीठ पसरा. दिवा लागत नाही. आता दोन-तीन थेंब पाणी टाका आणि पाहा. (घरातील विजेचा वापर मुळीच करू नका आणि विजेच्या खांबाजवळ जाऊ नका.)

विचार करा

१. पावसाने तबकडीची वरची बाजू धुतली जाते. खालच्या बाजूचे काय होईल?

२. तुमच्या शाळेजवळच्या वाहिनीला मीठ कोठून मिळेल आणि ओलावा कोठून?