प्लास्टर मनगटाला, बोटांना नाही

अगं, मनगटाला लागलंय ना, सासूबाई म्हणतायत म्हणून हाडवैद्याकडे जाऊ नकोस, एवढं आधी ऐक. त्या काळजीपोटीच म्हणतात, त्यांना तोडून बोलू नकोस. पण कामट्या लावून करकचून बांधलेल्या हाताला सूज चढली की आतलं रक्त अडतं, काही तासांत स्नायू मरायला लागतात आणि बोटं कायमची आखडतात. फोल्कमन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८८१ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. वॉर्डात अशी बोटं बघितली की माझा जीव तुटतो. धर्मापुरीहून अंबाजोगाई जवळ आहे, स्वाराती रुग्णालयात हाडांचे डॉक्टर आहेत. आजच नीघ. आणि बांगड्या, अंगठी हे वाचता वाचताच काढ. सूज वाढली तर बांगड्या वाढवाव्या लागतात, अंगठी कापावी लागते. हात बरा झाला की मी स्वतः तुला चुडा भरीन.

तिथं आधी एक्स-रे काढतील. हाड सरकलं असेल तर भूल देऊन, ओढून बसवतील आणि बहुधा कच्चं प्लास्टर घालतील. ते अर्धवट दिसतं म्हणून बायका नाराज होतात. पण सुजेला जागा हवी म्हणूनच ते एका बाजूनं मोकळं ठेवतात. सूज उतरली की पक्कं. प्लास्टर घट्ट होताना गरम लागतं, घाबरू नकोस. सांध्यातच तुकडे झाले असतील, किंवा कोपराखालची दोन्ही हाडं मोडली असतील, तर मोठ्या माणसाला पट्टी-स्क्रू लागू शकतात. डॉक्टरांनी तसं सांगितलं तर महात्मा फुले योजनेसाठी आरोग्यमित्राला भेट, रेशनकार्ड जवळ ठेव.

आता मुख्य गोष्ट. प्लास्टर मनगट धरून ठेवायला असतं, बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलली पाहिजेत. मूठ मिट, उघड, अंगठा प्रत्येक बोटाला लाव. कोपर आणि खांदाही फिरव; झोळीत हात ठेवून बसलेल्या बायकांचा खांदा असा धरतो की मनगट बरं होऊनही वेणी घालता येत नाही. पहिले दोन-तीन दिवस हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेव. गोळी घेऊनही दुखणं वाढत गेलं, बोटं मुंग्या येऊन बधिर झाली, गार किंवा निळी पडली, सरळ करताना कळ आली, तर सकाळची वाट बघू नकोस. रात्री दोन वाजले तरी दवाखान्यात ये, प्लास्टर तिथं लगेच सैल करतात. खाज सुटली तर खराट्याची काडी आत घालू नकोस, कातडीला जखम होते आणि आतल्या आत चिघळते. अंघोळीला पिशवी बांध. आणि मिश्री सोड, बाई. तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो.

आठवड्यानं आणि पुन्हा दोन आठवड्यांनी एक्स-रेला बोलावतील. दुखत नाही म्हणून ती फेरी चुकवू नकोस. सूज उतरली की प्लास्टर सैल होतं आणि बसवलेलं हाड आत सरकू शकतं. वेळेत कळलं तर पुन्हा बसवता येतं, उशीर झाला तर तसंच वाकडं जुळतं.

मला खरी भीती आहे ती दिवाळीनंतरची. ऊसतोडीची टोळी निघेल, उचल घेतलेली आहे, कोयता जोडीचा मोजतात आणि खाड्याचे पैसे कापतात. म्हणून कुणीतरी सांगेल, महिना झाला, आता काप प्लास्टर. ऐकू नकोस. मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात. काढल्यावर हात वाळलेला, ताठर दिसेल, तो मोकळा व्हायला आणखी आठवडे जातात. त्या हातानं लगेच कोयता मारणं, मोळी उचलणं जमणार नाही. घरातही कळशी उचलायची नाही, भाकरी थापायची नाही. तुझ्या नवऱ्याशी मी बोलते, मुकादमाला या हंगामाचं आत्ताच सांगायला लावते. ऐनवेळी सांगितलं तर तुलाच ऐकून घ्यावं लागेल. लेकरांना काही दिवस माझ्याकडे धाड.

निघताना फोन कर, मी केसपेपर काढून ठेवते.