संगणक सुरू व्हायला वेळ लागतो? आधी दोष कुठे आहे ते पाहा



मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक किंवा लॅपटॉप आता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आहे. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, सातबारा, सोसायटीचे कागद, ऊसबिलाचा हिशेब ही कामे त्याच्यावरच होतात. चार-पाच वर्षे झाली, की हे यंत्र सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटे घेऊ लागते. अर्जाची शेवटची तारीख असते, लाईट केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि पडद्यावर ठिपके आपले गोल फिरत असतात. दुकानात नेला तर "जुना झाला, नवीन घ्या" असा सल्ला मिळतो. म्हणजे ३०-४० हजारांना खड्डा. तेव्हा आधी घड्याळ लावून बघावे, की वेळ नेमका कोठे जातो.

बटण दाबल्यापासून कंपनीचे नाव येऊन विंडोजचे ठिपके फिरू लागेपर्यंत वेळ जात असेल, तर मागे लावून ठेवलेला पेनड्राईव्ह वगैरे काढून पाहावे. यंत्र कधीकधी त्याच्यातूनच सुरू व्हायची खटपट करत बसते. तारीख-वेळ सारखी चुकत असेल, तर आतला बटणासारखा सेल संपलेला असतो. तो स्वस्त असतो, बदलून घ्यावा. तारीख चुकली की बँकेची आणि सरकारी संकेतस्थळेही उघडत नाहीत.

पडदा दिसतो, पण त्यानंतर काहीच हलत नाही, असे असेल तर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम फार झाले असे समजावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. खिडकी लहान असली तर ‘मोअर डिटेल्स’ दाबावे. त्यातल्या ‘स्टार्टअप’मध्ये यादी दिसते. गाणी, गप्पा, प्रिंटरची जाहिरात असली बिनकामाची नावे निवडून ‘डिसेबल’ करावी. प्रोग्राम त्याने पुसला जात नाही, बोलावल्याशिवाय येत नाही एवढेच. व्हायरसरोधक मात्र बंद करू नये. पण तो दोन कंपन्यांचा असेल, तर एक काढून टाकावा. दोघे मिळून राखण करत नाहीत, एकमेकांच्या पायात येतात.

आता मुख्य दुखणे. जुन्या यंत्रात फिरणारी हार्ड डिस्क असते. तिची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि एक दांडा पुढेमागे सरकून माहिती वाचतो. हंगामात काट्यासमोर शंभर गाड्या आल्या आणि काटा एकच असला, की काय होते ते आपण जाणताच. मागे मिल कितीही मोठी असो, गाडी काट्यावरच अडते. तसेच इथे. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘डिस्क’ १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि ‘सीपीयू’ निवांत दिसला, तर काटा अडला म्हणून समजा. ‘मेमरी’ ४ जीबीच असून तीही भरलेली असेल, तर तिथला भारही डिस्कवरच पडतो.

अशा डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल, तर दुरुस्ती नंतर. आधी फोटो, हिशेब, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. मरायला टेकलेली डिस्कही हळूच चालते, आणि ती गेली की दहा वर्षांचे हिशेब घेऊन जाते.

उपाय म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे. तिच्यात फिरणारा भागच नाही, त्यामुळे मिनिटांचे काम बहुधा सेकंदांवर येते. नव्या यंत्रापेक्षा हा खर्च फारच कमी. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा फुकट प्रोग्राम आपले यंत्र त्यात बसते की नाही ते सांगतो. बसत नसेल, तर पैसे घालण्याआधी घरात विचार करावा.

आणखी एक. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाऊन’ केले तरी बहुतेक यंत्रे पुरती बंद होत नाहीत. लवकर उठता यावे म्हणून थोडा भाग राखून ठेवतात. काही बिघडल्यासारखे वाटले तर ‘रीस्टार्ट’ करावे. अपडेट चालू असताना तर मेन स्विच मुळीच पाडू नये.

डिस्क बदलायला दिली, तर जुनी मागून घ्यावी. तिच्यावर आपल्या बँकेचे आणि आधारचे कागद तसेच असतात.