कॅनॉल बघायला चला!

"पलूसला बघण्यासारखं काय आहे रे?" असं होस्टेलवरची मुलं मला नेहमी विचारतात. औदुंबर, सागरेश्वर, किर्लोस्करवाडी ही नावं कोणीही सांगेल. मी म्हणतो, कॅनॉल बघा! मग हशा ठरलेला. पण निम्मं हायड्रॉलिक्स तिथे फुकटात शिकायला मिळतं.

कृष्णा कालवा कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून निघतो आणि वाळव्यातून पलूसकडे येतो. त्याचं बांधकाम इंग्रजी अमदानीत, 1860च्या दशकात झालं. शेजारी किर्लोस्करवाडीत पंप बनतात, पण बंधाऱ्यावरून कालव्यात पाणी शिरतं ते पंपाशिवाय! सगळी करामत उताराची. कालव्याचा उतार नदीपेक्षा कमी, म्हणून पुढे जाताना तो नदीपेक्षा उंचावर राहतो आणि मधली जमीन भिजवतो.

आता प्रॅक्टिकल. आवर्तन चालू असताना काठाने 20 मीटर अंतर मोजा. वरच्या टोकाला प्रवाहाच्या मधोमध झाडाचं वाळलं पान टाका आणि घड्याळ लावा. समजा 40 सेकंद लागले, तर पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला 0.5 मीटर. सरासरी वेग साधारण त्याच्या 0.85 पट, म्हणजे 0.425. त्याला काटछेदाच्या क्षेत्रफळाने गुणलं की विसर्ग मिळाला. पाण्यात मात्र कोणी उतरायचं नाही. काठ निसरडे असतात आणि ओढ वरून कळत नाही.

मॅनिंगचं सूत्र आपण व्हायवापुरतं पाठ करतो. त्यात वेग हा खडबडीतपणाच्या गुणांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. स्वच्छ मातीच्या कालव्याला हा गुणांक सुमारे 0.025 धरतात. गवत-झुडपं माजली की तो 0.05 सुद्धा होतो. म्हणजे तेवढ्याच खोलीला वेग निम्मा, पाणीही निम्मं! मग पाणी वरच तुंबतं, काठातून पाझरतं. सतत पाझर आणि निचरा नाही, अशी जमीन क्षारपड होते. आणि टेलचा शेतकरी नुसती वाट बघत बसतो. आमचं रान टेललाच आहे. वरच्या अंगाला कॅनॉल भरून वाहत असताना आमच्याकडे ऊस वाळलेला मी पाहिलाय.

म्हणून फिरायला जरूर या, फोटोही काढा. फक्त भेळेचा कागद आणि पाण्याची बाटली खिशात घालून परत न्या. तुमची ती एक बाटली खाली कोणाच्या तरी चारीच्या तोंडाला अडकते. सूत्रातल्या त्या छोट्या आकड्यावर कोणाचं तरी वर्षाचं पीक अवलंबून असतं, एवढं लक्षात राहिलं तरी सहल सार्थकी लागली!