देव न मानणाऱ्यांना आपली श्रद्धा कशी सांगावी?



'मुलगा नोकरीला लागला आणि मिस्साला यायचा बंद झाला. देवच नाही म्हणतो. फादर, काय करावं?' असे पालक आम्हाला विचारतात. घरात वाद होतो, मग अबोला. श्रद्धाही राहते बाजूला आणि नातेही तुटू लागते. अशा वेळी आपण काय करावे?

'प्रेषितांची कृत्ये' अध्याय १७ वाचू या. अथेन्समधील मूर्ती पाहून संत पौलाचा जीव तळमळला, तरी तो लोकांवर तुटून पडला नाही. 'अज्ञात देवाच्या' वेदीपासून त्याने सुरुवात केली, त्यांच्याच कवींचा आधार घेतला. पुनरुत्थानाचे नाव काढताच काही जण हसले, काहींनी 'पुन्हा ऐकू' म्हटले, थोड्यांनी विश्वास ठेवला. पौलाने सत्य लपवले नाही आणि कोणावर लादलेही नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपले अपुरे धर्मशिक्षण आणि आपले वागणे देवाचा चेहरा झाकून टाकते. म्हणून आधी स्वतःकडे पाहू या.

मग तीन गोष्टी करू या :

१. आधी ऐकू या. तो कोणता देव नाकारतो? चुका मोजणारा पोलीस? नवस फेडून घेणारा सावकार? तसा देव आपणही मानत नाही. हे त्याला मोकळेपणाने सांगावे.

२. चांगुलपणाचा मान राखू या. आगरकरांसारख्या बुद्धिवाद्यांनी या महाराष्ट्रात अन्यायाविरुद्ध झीज सोसली. देव न मानणाराही न्यायासाठी झटतो. अशा कामात त्याच्या खांद्याला खांदा लावू या.

३. विचारल्यावर कारण देऊ या. आपल्या आशेचे कारण सौम्यतेने व आदराने सांगा, असे संत पेत्र शिकवतो (१ पेत्र ३:१५-१६). पण आपल्यात आशा दिसली, तरच कोणी विचारील. आजारपणात, कर्जात, मरणाच्या दारी आपण कसे उभे राहतो, हे मुले पाहत असतात. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नसेल, तर तसे सांगायला लाजू नये.

श्रद्धा हे देवाचे दान आहे, ती जबरदस्तीने देता येत नाही. या आठवड्यात घरातील अशा एका व्यक्तीसाठी रोज एक जपमाळ म्हणू या, आणि जेवताना तिच्याशी वाद न घालता बोलू या.