संगणकाचा आज्ञार्थ

मुलांनो, ‘बस’, ‘ऊठ’, ‘दार लाव’, ‘पाणी आण’ ही आज्ञार्थी वाक्ये आपण व्याकरणाच्या तासाला केली आहेत. अशा वाक्यात कर्ता लपलेला असतो. ‘तू’ म्हणावे लागत नाही, कारण ज्याला सांगायचे तो समोरच उभा असतो. या अंकाच्या पाठात आपल्याला असेच बोलायचे आहे, फक्त समोर संगणक आहे.

चित्रांवर टिचकी मारून संगणक चालवणे तुम्हांला आमच्यापेक्षा चांगले येते. पण त्याच संगणकात एक साधी काळी खिडकीही असते. लिनक्स आणि मॅकवर तिला टर्मिनल म्हणतात, विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल. तिच्यात चित्रे नाहीत. एक खूण उघडझाप करत वाट बघते. आपण आज्ञा लिहायची, एंटर दाबायचे आणि आलेले उत्तर वाचायचे.

पालकांपैकी अनेकांची या खिडकीशी डॉसच्या दिवसांपासून ओळख असेल. मुंबईच्या काहींना शेल खातेही आठवेल. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हाच्या स्वस्त खात्यात नुसती अक्षरे दिसत. पत्रे वाचायला पाइन आणि इंटरनेटची पाने बघायला लिंक्स नावाचा प्रोग्रॅम. (हा लिंक्स वेगळा आणि आपला लिनक्स वेगळा, गल्लत नको.) ते खाते म्हणजे दूरच्या एका युनिक्स संगणकाची हीच काळी खिडकी होती.

युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लिहायला घेतले. त्या काळच्या संथ टंकयंत्रांवर कमी बटणे दाबावी लागावीत म्हणून बऱ्याच आज्ञा दोन-तीन अक्षरांत आटोपल्या आहेत. लिनक्स हे त्याच वळणाचे. ते फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केले.

छपाईबद्दल एक सूचना. या पाठात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरे लहान लिपीत आणि जोडून लिहायची. ‘एलएस’ म्हणजे एल आणि एस ही दोन अक्षरे. आज्ञेपुढची छोटी आडवी रेघ म्हणजे वजाबाकीचे चिन्ह.

आता वाक्यरचना. मराठीत क्रियापद शेवटी येते: ‘दार हळू लाव’. इथे ते आधी येते, मग कसे करायचे ते, मग कशावर करायचे ते. ‘लाव, हळू, दार’ असे म्हटल्यासारखे. मधला ‘हळू’ हा शब्द म्हणजे ती आडवी रेघ आणि तिच्यापुढचे अक्षर, आपल्या भाषेत क्रियाविशेषण.

पहिल्या तीन आज्ञा निरुपद्रवी आहेत. पीडब्ल्यूडी विचारते, ‘मी आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये आहे?’ (पालकांनी हसू नये, सार्वजनिक बांधकाम खात्याशी तिचा संबंध नाही.) एलएस म्हणजे ‘इथे काय काय आहे ते दाखव’. सीडी आणि पुढे फोल्डरचे नाव म्हणजे ‘त्यात जा’. सीडीपुढे एक जागा सोडून दोन टिंबे दिली की एक पायरी वर.

आता खऱ्या कामाकडे वळू. आपल्या वर्गाचा जुना लॅपटॉप तुम्हांला माहीत आहे. एका पालकांनी त्यावर लिनक्स घालून दिल्यापासून तो पुन्हा धावू लागला. दर जुलै-ऑगस्टला तुम्ही गावी जाता आणि आजी-आजोबांचे आवाज फोनवर टिपून आणता, ते सगळे त्याच्यावर ‘आजी’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. लोणच्याची कृती आहे, पुराची आठवण आहे, जात्यावरच्या ओव्या आहेत. त्यांतल्या दोन आज्या आता नाहीत. या सत्रात लॅपटॉपने नवी फाइल घ्यायलाच नकार दिला: जागा शिल्लक नाही.

अशा आवाजांचे मोल आपल्यालाच वाटते असे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या पुण्याच्या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संगणकावर नोंदवल्या गेल्या, शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहालय त्या सर्वांसमोर आणत आहे. आपला संग्रह त्यापुढे चिमूटभर. पण तो दुसरीकडे कुठेही नाही.

म्हणून काही पुसण्याआधी नुसते विचारायचे असे ठरले. डीएफ -एच या आज्ञेने डिस्क किती भरली ते कळते. उत्तर आले: ९८ टक्के. मग कोणी किती जागा अडवली ते बघायला डीयू. (इथे डीयू म्हटले की फोनचे बिल आठवते, पण ही डीयू त्याच्या आधीपासूनची.) लिहिले ते असे:

डीयू -एसएच * | सॉर्ट -एच

एस म्हणजे प्रत्येक फोल्डरची एकच बेरीज सांग, एच म्हणजे माणसाला वाचता येईल अशा आकड्यांत सांग, चांदणी म्हणजे इथले सगळे. मधल्या उभ्या रेघेला पाइप म्हणतात. डीयूचे उत्तर त्या नळीतून सॉर्टकडे जाते आणि सॉर्ट ते लहानापासून मोठ्यापर्यंत लावून देते. ही नळीची कल्पना बेल प्रयोगशाळेतल्या डग मॅकिलरॉय यांची, युनिक्समध्ये ती १९७३ साली आली. दोन छोट्या आज्ञा जोडून तिसरेच काम करून घेण्याची ही युक्ती आम्हांला सगळ्यांत आवडते.

यादीत सर्वांत वर, म्हणजे सर्वांत हलके, तुमचे लेख होते. हे आधीपासून सांगता आले असते. देवनागरीची प्रत्येक खूण साठवायला संगणकाला तीन बाइट लागतात. ‘आजी’ या शब्दात आ, ज आणि दुसरी वेलांटी अशा तीन खुणा, म्हणून नऊ बाइट. दोन हजार खुणांचे भरगच्च पान धरले तरी सहा हजार बाइट. फोनवरचा मिनिटभराचा एक व्हिडिओ सहज ६० मेगाबाइटचा असतो, म्हणजे अशी दहा हजार पाने! तेव्हा जागा करायला कोणी निबंध पुसायला निघाले तर त्याला थांबवा.

यादीच्या तळाशी दोन जड फोल्डर होते. एकात सणासुदीच्या शुभेच्छांचे व्हिडिओ, त्यांची काळजी कोणालाच नाही. दुसऱ्याचे नाव होते ‘आजी जुने’. नवा फोल्डर करण्याआधीची ती प्रत, तिच्यात बहुतेक तेच आवाज पुन्हा. पण ‘बहुतेक’ या शब्दावर विसंबून आवाज पुसायचे नसतात. त्यासाठी डिफ ही आज्ञा आहे:

डिफ -आरक्यू आजी "आजी जुने"

दोन्ही फोल्डर आतल्या उपफोल्डरांसकट ताडून बघ आणि फरक असेल तेवढाच सांग, असा तिचा अर्थ. फरक नसेल तर ती काहीच बोलत नाही. या खिडकीची ही रीतच आहे: काम नीट झाले की गप्प. आपल्या घरांत बरोबर उलटे असते, त्यामुळे ही शांतता अंगवळणी पडायला वेळ लागतो. पण आपल्या लॅपटॉपवर डिफ गप्प बसली नाही. तीन आवाज फक्त जुन्या फोल्डरमध्ये होते. ते सीपी या नक्कल करण्याच्या आज्ञेने आधी नव्यात आणले, सीपी -एन असे लिहून. एन नसेल तर त्याच नावाची फाइल आधी असल्यास सीपी तिच्यावरच नवी लिहिते आणि सहसा विचारतही नाही. नाव बदलणारी किंवा जागा हलवणारी एमव्ही हीसुद्धा तशीच.

आता पुसण्याची आज्ञा: आरएम. चित्रांच्या जगात पुसलेली फाइल कचरापेटीत जाते आणि परत काढता येते. आरएमला कचरापेटी नाही. (विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधल्या डेललाही नाही.) आर हे अक्षर जोडले की अख्खा फोल्डर, आतल्या सगळ्यासकट. आता ही ओळ नीट बघा:

आरएम -आर आजी जुने

वाचायला बरोबर वाटते ना? ही ओळ ‘आजी’ हा फोल्डर पुसून टाकेल. संगणक मोकळ्या जागेवर शब्द तोडतो. त्याला इथे दोन नावे दिसतात, ‘आजी’ आणि ‘जुने’. तो ‘आजी’ पुसेल आणि मग ‘जुने’ नावाचे काही सापडत नाही अशी तक्रार करेल. तोवर ज्या दोन आज्यांचे आवाज पुन्हा टिपता येणार नाहीत, ते गेलेले असतील.

तुमच्या वह्यांत ‘आजी च्या गोष्टी’ असे तोडून लिहिलेले दिसले की आम्ही लाल शाईने ‘आजीच्या’ असे जोडतो, आणि तुम्ही म्हणता, ‘एवढ्याशा जागेने काय होते?’ मराठी वाचणारा माणूस समजून घेतो. ही खिडकी घेत नाही. नावात मोकळी जागा असेल तर नाव दोन सरळ अवतरणचिन्हांत लिहायचे:

आरएम -आर "आजी जुने"

त्याहून चांगली सवय अशी: आरएमच्या जागी आधी एलएस लिहा, बाकी ओळ तीच ठेवा. ‘एलएस आजी जुने’ असे लिहिले असते तर ‘आजी’मधल्या फाइलींची यादी आणि ‘जुने’ सापडत नसल्याची तक्रार समोर आली असती. नुकसान शून्य, चूक उघड. यादी हवी तीच आली की वरच्या बाणाचे बटण दाबायचे, आधीची ओळ परत येते, मग एलएस खोडून तिथे आरएम लिहायचे. फोल्डरचे नावही पूर्ण टाइप करू नका. पहिली अक्षरे लिहून टॅब दाबले की उरलेले संगणक भरतो, जोडून-तोडूनही बरोबर. काही टर्मिनलांत वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटलेली दिसतात. ते फक्त दिसण्यापुरते, आत नाव शाबूत असते.

ही आज्ञा मोठ्यांनाही सोडत नाही. तुम्ही पाहिलेला ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट १९९९ मध्ये आला. त्याच्या आदल्या वर्षी तो तयार होत असताना पिक्सार कंपनीत कोणीतरी चित्रपटाच्या फाइली असलेल्या जागी आरएम चालवली. ओरेन जेकब हे तिथले तंत्रज्ञ पडद्यावर बघत असतानाच वुडीच्या फाइली एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. राखीव प्रती काढून बघितल्या, तर प्रत घेण्याचे कामच नीट चालत नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सूसमन यांच्यामुळे. बाळ लहान असल्याने त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची नक्कल होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून गाडीतून कचेरीत नेला गेला. (पुढे कथा आवडली नाही म्हणून चित्रपटाचा बराच भाग पुन्हा केला गेला, ही गोष्ट वेगळी.)

पिक्सारकडे राखीव प्रत नव्हती असे नाही. ती नीट उतरते आहे का हे कोणी पाहिले नव्हते. म्हणून आपण ‘आजी’ फोल्डर सीपी -आर ने पेनड्राइव्हवर उतरवला आणि मग डिफ -आरक्यू ने पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप ताडून पाहिले. या वेळी डिफ गप्प राहिली. त्यानंतरच ‘आजी जुने’ आणि शुभेच्छांचे व्हिडिओ पुसले. डीएफ आता ६१ टक्के सांगते.

उरलेले थोडक्यात. शारजाच्या उन्हाळ्यात पंखा घरघरू लागला तर टॉप लिहा: कोणता प्रोग्रॅम सर्वांत जास्त राबतो आहे ते त्याच्या क्रमांकासह वर दिसेल, बाहेर यायला क्यू. (धूळही बघा, अर्धे दुखणे तिचे असते.) अडकलेला प्रोग्रॅम किल आणि त्याचा क्रमांक लिहून थांबवता येतो. नाव भयंकर आहे, पण साधी किल म्हणजे ‘आवर बरं आता’ अशी विनंती. किल -९ म्हणजे मात्र हात धरून बाहेर. कुठलीही आज्ञा विसरलात तर मॅन आणि तिचे नाव लिहा, पूर्ण माहिती उघडेल. सूडू ही आज्ञा संगणकाच्या मालकाचे अधिकार देते. ती आई-बाबा शेजारी बसले असतानाच.

गृहपाठ. शारजात सुट्टी तीन दिवसांची असते, तेव्हा वेळ आहे. लिनक्स किंवा मॅक असलेल्यांनी एमकेडीआयआर या आज्ञेने ‘सराव’ नावाचा नवा फोल्डर करावा आणि सीडीने त्यात जावे. तिथे ‘मामा’ आणि ‘मामा जुने’ असे दोन फोल्डर करा. मग ‘एलएस मामा जुने’ हे एकदा अवतरणचिन्हांशिवाय आणि एकदा नाव अवतरणचिन्हांत घालून लिहा, दोन्ही उत्तरे वहीत उतरवा. ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांनी भावंडाच्या किंवा मित्राच्या संगणकावर करावे. आणि हा प्रश्न सर्वांसाठी, संगणक न उघडता सोडवायचा: रिकाम्या फोल्डरमध्ये कोणी ‘एमकेडीआयआर मामा जुने’ असे अवतरणचिन्हांशिवाय लिहिले, तर किती फोल्डर तयार होतील आणि त्यांची नावे काय असतील?