क्रिकेटमधला गुन्हा मुलांना दाखवावा का?

आयपीएल रंगात आलं की सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागातले पालक एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टरसाहेब, पोऱ्या मॅच फिक्सिंगची फिल्म बघतोय. खरी गोष्ट आहे म्हणतो. बघू द्यायची का?" खरी आहे म्हणजे ज्ञानाची, आणि खेळाची आहे म्हणजे मुलांची, असा आपला एक सोयीचा समज असतो. मारामारीचा सिनेमा लागला की रिमोट ओढून घेणारे बाबा माहितीपट लागला की निर्धास्त झोपतात.

आधी शिक्क्याचं बोलू. २०२१च्या नियमांनुसार ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला यू, यू/ए ७+, १३+, १६+ किंवा ए असा वयोगट द्यावा लागतो, आणि १३+ पासून पुढे पालकांना कुलूप लावायची सोय ठेवावी लागते. हा आकडा सगळे बघतात. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत 'हिंसा', 'आत्महत्या', 'लैंगिक अत्याचार', 'शिवराळ भाषा' असं काय काय लिहिलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. मला विचाराल तर आकड्याआधी ते वाचा. आकडा देशातल्या सगळ्या मुलांसाठी एकच असतो. आपल्या पोरावर सध्या काय गुदरलंय, हे तो शिक्का देणाऱ्याला कुठून कळणार?

आता ती फिल्म. नेटफ्लिक्सवर मार्च २०२३मध्ये आलेला 'कॉट आउट' हा साधारण सव्वा तासाचा माहितीपट. विषय २००० सालचा: दिल्ली पोलिसांनी टॅप केलेले फोन, त्यात सापडलेला दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए, 'तहलका'चा छुपा कॅमेरा, सीबीआयची चौकशी आणि मोहम्मद अझरुद्दीनवर आलेली आजीवन बंदी. रक्ताचा थेंब नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने आईबाबांबरोबर बघायला माझी हरकत नाही. किंबहुना बघावाच.

अपवाद एकच. ज्या मुलाचा हात आधीच सट्ट्यात अडकलाय, त्याला तो एकट्याने बघू देऊ नका. कापड आणि हिऱ्यांच्या या शहरात 'भाव' हा शब्द मुलं बोबडं बोलतानाच शिकतात, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नका. पण नववीतला मुलगा 'सेशन', 'फंटर', 'लगाई-खाई' अशी सट्टेबाजांची भाषा सहज बोलू लागला, मित्राकडून सट्ट्याचा 'आयडी घेतला' म्हणाला, मॅच संपल्यावर कोण जिंकलं याच्या आनंदापेक्षा चिडचिड जास्त दिसली, घरातले शे-दोनशे रुपये हिशेबाला लागेनासे झाले, तर तो फिल्म कशासाठी बघतोय हे तपासा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये बंदीचा कायदा केला. पण टेलिग्रामवर आयडी वाटणारे कायदा वाचून धंदा करत नाहीत.

जुगाराची ओढ ही मानसोपचाराच्या वर्गीकरणात २०१३पासून व्यसनांच्याच रांगेत आहे, दारू-तंबाखूच्या शेजारी. बक्षिसाने सुखावणारा मेंदूचा भाग किशोरवयात जोरात असतो. आवर घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून बुकी कसा गाठतो, पैसा कसा फिरतो याचं वर्णन ऐकताना बापाला गुन्हा दिसतो आणि पोराला कधीकधी युक्ती दिसते. आपल्याच गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात, २०२२मध्ये शेतमजुरांना आयपीएलच्या जर्सी चढवून खोटी लीग भरवली होती. रशियातले लोक तिच्यावर पैसे लावत होते. मुलांना हा किस्सा भलताच आवडतो. हसू द्या, मलाही हसू आलं होतं. फक्त हसून झाल्यावर विचारा, की मैदानावरच्या मजुराला मॅचमागे सुमारे चारशे रुपये मिळाले, मग बाकीचे कोणी नेले?

फिल्म संपल्यावर बहुतेक मुलं एकच विचारतात: "मग सगळंच फिक्स असतं का?" या प्रश्नाला झटकू नका. एखादा मुलगा त्यानंतर सकाळी लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियमवर सरावाला जायला कुरकुरतो, हे या शंकेचंच दुखणं असतं. त्याला पुढचं सांगा. अझरुद्दीनवरची बंदी बेकायदा असल्याचं आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२मध्ये ठरवलं. कपिल देववर आरोप झाला, तो टीव्हीवरच्या मुलाखतीत ढसाढसा रडला, आणि सीबीआयला त्याच्याविरुद्ध विश्वासार्ह पुरावा मिळाला नाही. आरोप, बंदी आणि कोर्टाचा निकाल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चौदाव्या वर्षी नीट कळलं तर व्हॉट्सअॅपवरच्या निम्म्या अफवांवर लस टोचल्यासारखं होतं. आणि माझं प्रिस्क्रिप्शन म्हणाल तर त्याच आठवड्यात मार्च २००१ची कोलकाता कसोटी दाखवा. फॉलोऑन, लक्ष्मणच्या २८१, द्रविडच्या १८०, हरभजनची हॅट्ट्रिक. वर्षही उलटलं नव्हतं ते टॅप केलेले फोन उघडकीला येऊन.

'अॅथलीट ए' या २०२०च्या माहितीपटाबद्दल मात्र पालक मला विचारतच नाहीत, आणि मला तोच दाखवावासा वाटतो. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर, उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार करत राहिला. कधीकधी आई त्याच खोलीत असायची. २०१८मध्ये न्यायालयात दीडशेहून जास्त जणींनी उभं राहून आपली कहाणी सांगितली आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. गुन्हेगार माझ्या पेशातला होता, म्हणून हे मीच बोललं पाहिजे. फिल्ममध्ये अत्याचाराचं दृश्य नाही, पण मुली तपशिलात बोलतात. पंधरा-सोळा वर्षांच्या, अकादमीत जाणाऱ्या मुलीने आणि मुलानेही तो आईबरोबर बघावा. तुम्हाला अवघडेल, तर अवघडू द्या. पायाचा घोटा दुखत असताना कोणी भलतीकडे हात लावला, तर तो डॉक्टर असो, कोच असो की काका, ओरडायची मुभा आहे, हे वाक्य तुमच्या तोंडून एकदा निघालं पाहिजे. तपासणीच्या वेळी सोबत माणूस मागणं हा मुलीचा हक्क आहे. आणि चांगला डॉक्टर स्वतःच बोलावतो. मुलाने काही सांगितलंच तर "खरं का?" असं विचारू नका. पॉक्सो कायद्यात कळवणं बंधनकारक आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. मात्र मूल स्वतः अशा प्रसंगातून गेलेलं असेल, तर आधी समुपदेशकाशी बोला, फिल्मची घाई नको.

'किलर इनसाइड' ही तीन भागांची मालिका अमेरिकन फुटबॉलपटू अॅरन हर्नांडेझची. खून, तुरुंग, २०१७मधली आत्महत्या. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूत वारंवार डोक्याला बसलेल्या माराने होणारी इजा सापडली. वैद्यकीयदृष्ट्या रंजक आहे, तरी दहावी-अकरावीच्या मुलांना मी ती दाखवणार नाही. घरात कोणी आत्महत्या केलेली असेल, मूल गप्प-गप्प असेल, हातावर चरे दिसत असतील, तर अजिबात नाही.

आता घरातलं. "मुलाबरोबर बसून बघा" हे सांगायला सोपं आहे. एका खोलीचं घर, बाप लूमवर रात्रपाळीला, आई साड्यांवर टिकल्या लावत बसलेली, आणि पोरगा पांघरुणात इअरफोन घालून. एक आई मला म्हणाली, "रातभर मोबाइल देखस तो." मग निदान एवढं करा: फिल्म रात्री नको, सुटीच्या दुपारी, फोन भांड्याला टेकवून आणि आवाज मोकळा ठेवून. इंग्रजी सबटायटल तुम्हाला वाचता येत नसतील तर उत्तमच. मुलाला सांगा, "मला समजावून सांग काय चाललंय ते." तो कोणाची बाजू घेऊन सांगतो, कुठे गडबडीने पुढे सरकवतो, हे बघत बसा. मला तपासणीच्या टेबलावर दहा मिनिटांत जे कळत नाही, ते तुम्हाला तिथे कळेल.

त्यानंतर झोप उडाली, शाळेत जाणं टळू लागलं, किंवा पैशांची लपवाछपवी आढळली, तर थांबू नका. टेलिमानस १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करून मोफत बोलता येतं. आणि मुलगा सट्ट्यात हरलाय असं उघड झालं, तर हात उगारण्याआधी आकडा विचारा. पहिल्या दिवशी तो बहुधा निम्मीच रक्कम सांगेल. चार दिवसांनी, जेवण झाल्यावर, पुन्हा विचारा.